पेटी घरी ठेवून येणारी सेलेस्टीन

ट्रंपेटच असणार, असं सेलेस्टीनला वाटलं. मिस व्हर्लीनच्या बारच्या उघड्या खिडकीतून काहीतरी रडत होतं, मध्येच खोडकरपणे हसत होतं... चर्चच्या शाळेतल्या पोरांना व्हायोलिन शिकवून ती वैतागून घरी निघाली होती. ट्रेमे वस्तीतल्या दुपारच्या उन्हात अंगावरचा झगा चिकटून बसलेला. ती सहज दारात डोकावली आणि तिथेच खिळली. ते व्हायोलिन होतं.

एक उंच, सडपातळ तरुण ते छातीशी टेकवून, डोळे मिटून ब्लूज वाजवत होता. एका सुरावरून दुसऱ्यावर मींड घेत, अगदी आळसात घसरत होता. जन्मभर कागदावरचं बघून वाजवलेल्या सेलेस्टीनच्या काळजाला ते भिडलं. पण लगेच कौतुक करेल तर ती सेलेस्टीन कसली?

"तुमची गज धरायची पद्धत साफ चुकीची आहे," वाजवणं थांबल्यावर ती म्हणाली.

त्याने डोळे उघडले. "हो का? मग दाखवा बरोबर कशी ती. व्हायोलिनची पेटी तर हातातच आहे."

"मी बारमध्ये वाजवत नाही."

"बरं... मग जेवा तरी. आज सोमवार आहे."

सोमवारी मिस व्हर्लीनकडे राजमा-भात फुकट असे. पण म्हातारीचा एक कायदा होता. वाद्य घेऊन उंबरठा ओलांडला, की वाजवल्याशिवाय ताट नाही. सेलेस्टीन त्या दिवशी उपाशीच परतली. पुढच्या सोमवारी मात्र ती आली – पेटी घरी ठेवून.

"आज हात मोकळे?" त्याने विचारलं. त्याचं नाव एमिल.

"जेवायला मोकळेच हात लागतात," ती म्हणाली, आणि तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

मग हे दर सोमवारचंच झालं. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं तेही कळलं नाही. जेवण झालं की एमिल तिला जुन्या तबकड्या ऐकवायचा. गिटारच्या जोडीने ब्लूज वाजवणारे खेड्यातले व्हायोलिनवाले, जॅझच्या लयीवर डुलायला लावणारे, आणि एक तर असा की त्याने व्हायोलिनला वीज जोडून रॉकचा नुसता धुमाकूळ घातलेला. इतकी माणसं होती आणि आपल्याला कुणी सांगितलंच नाही, याचा सेलेस्टीनला रागच आला. ऐकताना एमिलचा खांदा तिच्या खांद्याला टेकायचा. दोघांपैकी कुणीच तो काढून घ्यायचं नाही.

बारमध्ये एमिलच्या जोडीला ड्रम आणि पियानो वाजवणारेही असत; त्यांच्यात सवाल-जवाब चालत. एकाने चार आवर्तनं वाजवायची, दुसऱ्याने पुढच्या चारांत उत्तर द्यायचं, जे त्या क्षणी सुचेल ते. एमिल शेवटचा सवाल नेहमी सेलेस्टीनकडे बघून टाकायचा आणि जवाबाची जागा मोकळी सोडायचा. ड्रम एकटाच चालू राही, लोक हसत, आणि ती मान खाली घालून भात चिवडत बसे.

असे दिवस मजेत चालले होते आणि मिस व्हर्लीननेच बातमी दिली – एमिलला शिकागोच्या एका बँडने बोलावलंय, पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी जाणार. सेलेस्टीनने ताट बाजूला सारलं. एमिल काही बोलला नव्हता. आणि तिने तरी कुठे काही बोलून दाखवलं होतं?

बोलणं जमणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्याच्या शेवटच्या सोमवारी ती पेटी घेऊन आली. एमिल तिच्याकडे बघतच राहिला. शेवटचा सवाल आला... तिने गज टेकवला आणि पहिल्याच सुराला सगळं बिघडलं. पियानोवाल्याने आज पट्टी बदलली होती. तिचा जवाब दुसऱ्याच पट्टीतला होता, घरी बसून कागदावर लिहिलेला, रात्रंदिवस घोटून पाठ केलेला. सवाल ऐकायच्या आधीच तिने उत्तर तयार ठेवलं होतं!

तिने व्हायोलिन खाली केलं. ड्रमही थांबला. डोळ्यांतलं पाणी आवरत तिने एमिलकडे पाहिलं.

"मला हे येत नाही, एमिल. पण तू गेलास तर... सोमवारी मी कुणासाठी येऊ? राजमा मला कधीच आवडला नाही. मला तू आवडतोस."

एमिलने गज खाली घेतला.

"हेही पाठ करून आली होतीस?" त्याने हळूच विचारलं.

"नाही... हे आत्ताच सुचलं."

सवाल टाकण्यात पटाईत असलेला तो गडी नुसता उभा होता.

"अरे बाळा," गल्ल्यामागून मिस व्हर्लीन म्हणाली, "पोरीने सवाल टाकलाय. जागा मोकळी किती वेळ ठेवणार?"

एमिल पुढे आला. त्याने सेलेस्टीनचे हात हातांत घेतले. बँडला शब्द दिला होता, जावं लागणारच होतं, ते त्याने लपवलं नाही.

"पण मार्डी ग्राच्या सणाला परत येतो," तो म्हणाला. "आणि पुन्हा जायची वेळ आलीच, तर तुला घेऊन."