राखणदाराचं चुकलेलं साल

"तुम्ही अजून जन्मलेल्याच नाही," राखणदार म्हणाला. "कृपया दारापासून दूर व्हा."

केतकी कुबलने कमरेवर हात ठेवले. "मी जन्मलेलीच नाही? मग तुझ्याशी भांडतंय कोण?"

"बनावट ओळखपत्र घेऊन आलेली व्यक्ती."

राखणदार म्हणजे माणूस नव्हे. मालवणजवळच्या एका खाडीकाठी पोवळ्यांची रोपवाटिका होती. मरू लागलेल्या पोवळ्यांचे तुकडे तिथे टाक्यांत वाढवत आणि पुन्हा समुद्रात नेऊन लावत. तिच्या दारावरच्या संगणकाला गावाने आपल्या वेशीवरच्या राखणदार देवाचं हे नाव दिलं होतं. सकाळी वीज गेली, परत आली, आणि तेव्हापासून तो कुणालाच आत सोडत नव्हता. आतला पाण्याचा पंप बंद पडला होता, आणि तो हातानेच चालू करावा लागे. काचेतून केतकीला स्वतःची टाकी दिसत होती. रोज शाळा सुटल्यावर ती त्या इवल्याशा पोवळ्यांना खाऊ घालायची. ऊन चढत होतं. पाणी तापलं की पोवळी पांढरी पडतात, आणि मग मरतात.

"राखणदार कोपलाय. नारळ ठेवूया का?" रोपवाटिकेचे प्रमुख रेडकरकाका हसत म्हणाले. त्यांनी भिंतीवरचं बटण पुन्हा एकदा बंद करून चालू केलं.

"बनावट ओळखपत्र," राखणदार म्हणाला.

"भंगारात घालायच्या लायकीचा आहे हा! उद्या रत्नागिरीहून माणूस येईल, नवा बसवेल."

"उद्या?" केतकीचा आवाज चिरकला. "उद्यापर्यंत पोवळी उरतील का, काका? आणि तुम्हाला नारळ सुचतोय!"

ती तरातरा घरी गेली आणि भाई आजोबांना हाताला धरून घेऊन आली. आजोबांची हयात संगणकशास्त्रात गेली होती, पण चारचौघांत बोलायची त्यांना फार भीड. आज मात्र सगळं ऐकून त्यांचे कान लाल झाले.

"यंत्र ओरडतंय, आणि तुम्ही नुसतं त्याचं तोंड दाबताय, रेडकर," ते म्हणाले. "काय ओरडतंय ते ऐकलंत का? केतू, तूच शोध. तुझंच कार्ड नाकारतो का?"

"नाही, सगळ्यांचं. काकांचंसुद्धा."

"मग सगळी कार्डं एकाच सकाळी बिघडली?"

"कशी बिघडतील? बिघाड त्याच्यातच असणार."

"बरोबर. कार्डावर तो काय काय बघतो?"

"नाव, फोटो, जन्मतारीख, मुदत..." केतकी थांबली. मग गर्रकन वळली. "राखणदारा, आज तारीख काय?"

"एक जानेवारी एकोणीसशे सत्तर."

रेडकरकाका खो खो हसले. केतकी नाही हसली. "म्हणून मी जन्मलेली नाही होय! अरे, तेव्हा काकासुद्धा जन्मले नव्हते!"

"याच्या आत लिनक्स आहे," आजोबा म्हणाले. "ती एक कार्यप्रणाली (संगणकाची सगळी कामं चालवणारी मूळ व्यवस्था). तिच्या लेखी काळ म्हणजे सेकंदांची मोजणी, आणि त्या मोजणीचा शून्य त्या तारखेला धरलाय. काळ विसरलेला संगणक शून्यावर जाऊन बसतो."

"पण हा विसरला कसा?"

"वीज नसतानाही आत एक छोटं घड्याळ चालू राहतं, बटण-सेलवर (शर्टाच्या बटणासारखी चपटी बॅटरी). तो सेल संपला, की वीज जाताच काळही जातो."

केतकी रेडकरकाकांकडे वळली. "म्हणजे तुम्ही बटण दाबून दाबून त्याला परत परत सत्तर सालात ढकलत होता!"

"पण मग इंटरनेटवर कुणाला वेळ का विचारत नाही हा?" काकांनी पडेल आवाजात विचारलं.

"विचारतो ना. पण वेळ सांगणाऱ्या संगणकाकडेही प्रमाणपत्र (यंत्राचं ओळखपत्र) असतं. याला तेही भविष्यातलं, म्हणून बनावट वाटतं. बिचाऱ्याचा कुणावरच विश्वास बसत नाही, आणि आपण त्याला भंगार म्हणतो!"

काकांनी दाराशेजारची राखणदाराची पेटी उघडून परवलीचा शब्द टाकला. आजोबांनी खरी तारीख आणि वेळ भरली. दार उघडलं. केतकी धावत गेली आणि तिने पंपाचा खटका ओढला. पाणी खळखळलं. पोवळी तपकिरीच होती अजून, पांढरी नव्हती.

मग काकांनी आपल्या घरच्या स्वयंपाकघरातल्या छोट्या वजनकाट्यातला तसाच सेल काढून आणला. राखणदाराची वीज बंद करून आजोबांनी तो बसवला आणि तारीख पुन्हा भरली. "आता तुमचं ते लाडकं बटण दाबा, रेडकर. आता ती परीक्षा आहे."

बंद. चालू.

"नमस्कार, केतकी कुबल," राखणदार म्हणाला. "मघाशी माझ्या माहितीप्रमाणे मी बरोबर होतो."

"माहितीच शिळी होती तुझी!" केतकी अजून फणकाऱ्यातच होती. टाकीवर ओणवून ती म्हणाली, "पोवळ्यांना बरं, तारीख ठेवायची कटकट नाही."

"ठेवतात की," आजोबा म्हणाले. "तुझ्या टाकीतल्यासारखी दगडासारखी गोल पोवळी दरवर्षी अंगात एक थर चढवतात, झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखा. ही समुद्रात जाऊन मोठी झाली, की शंभर वर्षांनी कुणी आतले थर मोजेल. त्यात हे सालही सापडेल."

केतकीने काचेला नाक लावलं. तिचा राग हळूहळू निवळला.

"सेल न बदलता," ती म्हणाली.