रक्त एक सांगतं, गाल दुसरंच

शाळेच्या प्रयोगशाळेत सुरंगी मडावीचा चेहरा एकाएकी उतरला. काय झालं ते मैत्रिणींनी विचारलं, पण तिने कुणालाच सांगितलं नाही.

त्या दिवशी आठवीच्या मुलांनी गालाच्या आतून कापसाच्या काडीने थोड्या पेशी खरवडून जनुकवाचकात घातल्या होत्या. जनुक (शरीराने काय आणि कसं घडवायचं याची आई-वडिलांकडून आलेली सूचना) वाचून दाखवणारं ते डब्याएवढं यंत्र होतं. ज्याचा निकाल त्यालाच दिसे. सुरंगीच्या पडद्यावर उमटलं : सिकलसेल, दोन्ही प्रती (आईकडून आलेली आणि वडिलांकडून आलेली) सदोष.

हा आजार तिने सोसला होता. माणसाच्या लाल रक्तपेशी गोल असतात. तिच्या मात्र विळ्यासारख्या वाकड्या होत, बारीक रक्तवाहिन्यांत अडकत, आणि मग हाडं अशी ठणकत की ती उशी दातांत धरून पडून राही. पण दोन वर्षांपूर्वी तिच्यावर उपचार झाले आणि दुखणं थांबलं. मागच्याच महिन्यातली रक्ततपासणी अगदी चांगली आली होती. मग यंत्र असं का म्हणत होतं?

शाळा सुटताच ती थेट आजोबांकडे गेली. डॉ. मानसाराम मडावी वैनगंगेकाठच्या एका संशोधन रुग्णालयात जनुकशास्त्रज्ञ होते. रविवारी जंगलातून आणलेली चारोळी ते अंगणात बसून दगडाने फोडत होते.

“आजोबा, माझा आजार परत आला का?”

तिचं सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी तिला जवळ बसवलं. “नाही बेटा. यंत्र बरोबर आहे आणि तुझं रक्तही बरं आहे. मला सांग, रक्त कुठे तयार होतं?”

“हाडांच्या आत.”

“हो, अस्थिमज्जेत (हाडांच्या पोकळीतल्या मऊ गरात). तिथे मूळपेशी असतात, त्यांच्यापासून रक्ताच्या सगळ्या पेशी जन्मतात. आमच्या रुग्णालयातल्या डॉक्टर नसीमाताईंनी तुझ्या मूळपेशी बाहेर काढल्या, जनुकातलं एक चुकलेलं अक्षर दुरुस्त केलं, सगळं तपासलं आणि त्या पुन्हा तुझ्या शरीरात सोडल्या. गालाला हात लावला नाही. कातडीला नाही, आणि ज्यांच्यापासून पुढे बाळ होतं त्या बीजपेशींनाही नाही. तिथे जुनीच सूचना आहे. पण गाल काही रक्त बनवत नाही, त्यामुळे तुला त्रास नाही.”

सुरंगीने मोठा श्वास सोडला. पण थोड्या वेळाने तिच्या कपाळावर आठी आली.

“सगळीकडे एकदमच का नाही बदललं?”

“त्यासाठी तू एकाच पेशीची होतीस तेव्हा बदलावं लागलं असतं. म्हणजे तुझ्या जन्माच्या किती तरी आधी.”

“तसं करता आलं असतं?”

“प्रयत्न करता आला असता. तुझे आई-बाबा दोघंही वाहक आहेत (स्वतः निरोगी, पण एक सदोष प्रत बाळगणारे). त्यांनी मला विचारलं होतं.”

“आणि तुम्ही नाही म्हणालात.”

“हो.”

सुरंगी थोडी दूर सरकली. “मला किती दुखायचं ते तुम्ही बघत होतात, आजोबा.”

आजोबांनी हातातला दगड खाली ठेवला. “दर वेळी बघत होतो. तुझे पाय मांडीवर घेऊन रात्र काढायचो, तेव्हा तो नकार माझ्याही उरात सलायचा. पण जनुकं कापणारं आमचं साधन तेव्हा कधी कधी भलतीकडेच कापायचं. बाहेर काढलेल्या पेशीत चूक निघाली तर ती फेकून देता येते. पहिल्याच पेशीत झालेली चूक मात्र तुझ्या कणाकणात गेली असती, पुढे तुझ्या मुलांत, नातवंडांत. आणि त्यांच्यापैकी कुणालाही विचारायची सोय नव्हती.”

“तान्ह्या बाळाला लस देताना तरी कोण विचारतं? आई-बाबाच ठरवतात ना?”

“खरं आहे. पण तुला दिलेली लस तुझ्या नातवंडांच्या अंगात उतरत नाही. शिवाय आज आजार काढला, उद्या कुणी म्हणेल रंग उजळ करा, उंची वाढवा. मग जे सावळे किंवा बुटके जन्मतील त्यांच्याकडे लोक कसे बघतील?”

सुरंगीने आपल्या सावळ्या हाताकडे पाहिलं. “तरी तुमचं चुकलं असेल तर?”

“असेलही. मोठमोठी माणसं अजून यावर वाद घालताहेत. तू मोठी होऊन मला खोडून काढलंस, तर मी ऐकून घेईन.”

सुरंगीला अकरावं वर्ष आठवलं. रुग्णालयात नसीमाताई तिच्या खाटेवर बसून सगळं सांगत होत्या : हाडांतल्या जुन्या पेशी काढून टाकणाऱ्या औषधाने केस गळतील, तोंडात फोड येतील, कदाचित उपयोगही होणार नाही. आई-बाबांचा होकार होता, तयारीही झाली होती. पण सुरंगी “नको” म्हणाली आणि सगळे घरी परतले. कुणी रागावलं नाही. दिवाळीनंतर तिने आपणहून नसीमाताईंना फोन केला होता, “आता करू या.”

“मी नको म्हटलं तेव्हा तुम्हाला वाईट वाटलं?”

“भीती वाटली. पण सोसायचं तुला होतं. तुझं ऐकायलाच हवं होतं.”

ती त्यांना टेकून बसली. “मला पुढे बाळ झालं तर?”

“एक सदोष प्रत त्याला तुझ्याकडून मिळेलच. वडिलांकडून निरोगी आली तर ते फक्त वाहक होईल. दोन्ही सदोष आल्या, तर आजार होईल. पण तोवर एका इंजेक्शनात काम व्हावं, अशी आमची खटपट चालली आहे.”

“मग मी त्याला कळेल अशा शब्दांत सगळं सांगेन आणि विचारेन.” ती थांबली. “पण तुम्ही लवकर करा, आजोबा. फार दुखतं.”

आजोबांनी मान हलवली.

“उद्या मला प्रयोगशाळेत न्याल? ते कापायचं साधन बघायचंय.”

“ते डोळ्यांना दिसत नाही, बेटा.”

“मग कसं चालतं ते आत्ताच सांगा,” सुरंगी म्हणाली आणि मांडी ठोकून त्यांच्यासमोर बसली.