पडण्याच्या नोंदी

काचेपलीकडे बिरू खरात चढाई करत होता आणि काचेअलीकडे आवटीबाईंचे ओठ त्याच्याबरोबर ‘कबड्डी कबड्डी’ पुटपुटत होते. रविवारी बिरू दीड वर्षांनी कृष्णाकाठ संघाकडून खेळणार होता. त्याआधी त्याला डोळे भरून बघायला मिरजेच्या मज्जाप्रयोगशाळेनं बाईंना मुद्दाम बोलावलं होतं. शाळेत भूगोल शिकवणाऱ्या, पन्नाशी उलटलेल्या बाई सकाळपासून नव्या साडीत घामेजल्या होत्या.

तोच डावीकडचा झुकाव. दाव्याला हिसका देऊन वासरू फिरावं तशी तीच गिरकी. सगळं तेच होतं, तरी बाईंच्या मनात काहीतरी खुपत होतं. समोरचे सहकारी बिरूला वाट करून देत होते. त्याला धरत कुणीच नव्हतं.

“डॉक्टर, याला कुणी पकडत का नाही?”

“मीच मनाई केलीय,” डॉ. नसीम बागवान म्हणाल्या. “सेतू अजून ओला आहे. रविवारपर्यंत सुकेल.”

दीड वर्षापूर्वी एका पकडीत बिरूच्या मानेतला मज्जारज्जू चिरडला आणि मानेखालचं अंग मुकं झालं. डॉक्टरांनी तिथं मज्जासेतू बसवला होता. मेंदूचा निरोप पलीकडे नेणारा, जिवंत तंतूंचा पूल. पण हा पूल जन्मतः कोरा असतो. चालणं, बसणं त्याला हळूहळू शिकवता येतं. क्षणार्धात होणारी हालचाल मात्र त्याच माणसाच्या जुन्या देहनोंदींतून पाजावी लागते, आणि तीही सेतू सुकायच्या आत.

देहनोंदी स्पर्धेच्या कृपेनं होत्या. खेळाडूंच्या बनियनीत संवेदक धागे विणलेले असत आणि घरी किंवा सज्ज्यात देहपट्टा बांधून बसलेल्या चाहत्याला ती चढाई स्वतःच्या स्नायूंत हलकेच जाणवे. हंगाम संपला की आयोजक सगळं पुसून टाकत. ज्याला हवं त्यानं आपल्यापुरतं जपावं. बिरूच्या नोंदींचा सर्वांत मोठा साठा आवटीबाईंकडे होता. म्हणजे आता बिरूच्या अंगात बाईंचा साठाच धावत होता, आणि ते आठवलं की बाईंना पाळण्याची दोरी हाती आल्यासारखं वाटे.

तेवढ्यात बिरूचा अंगठा मॅटच्या कडेला अडकला आणि तो पडला. फळी पडावी तसा, हात अंगालगत, थेट हनुवटीवर.

तो हसत उठला. काय न्हाई बाई, पाय घसरला, म्हणाला. प्रशिक्षक म्हणाले, दमलाय. डॉक्टर म्हणाल्या, सुरुवातीला असं व्हायचंच. तिघंही इतक्या पटकन बोलले की बाईंचा संशय पक्का झाला. रविवारची तिकिटं संपली होती. घाईघाईत या लोकांनी भलत्याच कुणाच्या नोंदी याच्या मानेत भरल्या असतील तर?

“हा बिरू नव्हे,” त्या म्हणाल्या. “बिरू असा पडत नाही. खरं सांगा, कुणाचं काय घातलंय याच्यात?”

डॉक्टरांना राग आला, पण त्यांनी पडद्यावर तो क्षण उलगडला. मेंदूनं ‘सावर’ म्हटलं होतं. सेतूतून काहीच गेलं नव्हतं.

“सेतू स्वतःचं काही रचत नाही, बाई. पाजलेलं तेवढंच देतो. पण पडणं तर पाजलेलं असणारच ना? मी कबड्डी बघत नाही, तरी दर सामन्यात हा दोनचारदा धरला जात असेल.”

बाई काचेपासून मागे सरकल्या.

“नाही दिलं,” त्या म्हणाल्या. “पकड झाली की ती नोंद मी पुसून टाकायची. बघवायचं नाही हो. चढाईतून सुखरूप परत आलेला बिरूच तेवढा ठेवलाय मी.”

डॉक्टर खुर्चीत बसल्या. “म्हणजे या पोराच्या अंगाला पडताच येत नाही. रविवारी तिघं अंगावर आले तर मान पुन्हा जाईल. या खेपेला श्वासही जाईल.”

बिरू दारात उभा होता. हनुवटीवर कापूस धरून त्यानं सगळं ऐकलं होतं.

“रविवारी न्हाई उतरलो तर संघात जागा न्हाई, डॉक्टर. मी उतरणार. शिकवा की पडायला.”

बाईंनी तिथूनच कृष्णाकाठच्या चाहत्यांना फोन लावले. एकेक जण अडखळत तेच सांगत होता. कुणीच पकडी ठेवल्या नव्हत्या. शेवटचा तर चिडलाच. बिरूचं हरणं जपून ठेवायला तो काय आमचा वैरी आहे?

बाईंनी फोन ठेवला आणि इचलकरंजीची बस धरली.

आदगोंडा चौगुले यंत्रमागाच्या सुट्या भागांचा दुकानदार आणि पंचगंगा संघाच्या चाहत्यांचा म्होरक्या. दर सामन्याला पलीकडच्या सज्ज्यातून तो ओरडायचा, “बाई, तुमचा बिरू आज कुठल्या अक्षांशावर लोळणार?” आज मात्र त्यानं चहा पुढे केला आणि डोळे बारीक केले.

“सामना तोंडावर आलाय, आन कृष्णाकाठच्या बाई आमच्या दारात. आमच्या पोरांच्या पकडी अभ्यासायच्यात व्हय?”

बाईंनी लपवलं काहीच नाही. त्याला पटलं नाही. त्यानं त्यांच्यासमोर डॉक्टरांना फोन केला, उलटसुलट विचारून झालं, मग उगाच एक डबा उघडून मिटला.

“हायत,” तो म्हणाला. “आमच्या पोरांनी धरला, दुसऱ्यांनी धरला, समद्या हायत. कंटाळा आला की लावून बसतो. पर आधी तुम्ही बांधा पट्टा. उद्या पोराला काय झालं तर आदगोंडानं खोटं दिलं म्हणाल.”

बाईंनी पट्टा बांधला. घोटा धरला गेला, जमीन वर आली. आणि हनुवटी आपोआप छातीशी मिटली, खांदा गोल झाला, तळवा आधी टेकला. भरली घागर डोक्यावरून उतरवावी तसं कुणीतरी त्यांना हलकेच खाली ठेवलं. इतकी वर्षं बिरूच्या अंगाला हे येत होतं, आणि बाईंना ते ठाऊकच नव्हतं.

“अण्णा, सगळ्या द्या,” त्या म्हणाल्या.

“देतो. पर पडायला शिकवलंत म्हणून आमची पोरं पाडायची थांबणार न्हाईत.”

रविवारी तिसऱ्याच चढाईत पंचगंगेच्या कोपरारक्षकानं बिरूचा घोटा धरला. आणखी तिघं वर कोसळले. कृष्णाकाठचा सज्जा गप्प झाला. बाईंचा पट्टा पिशवीतच होता. बांधायचा धीर झाला नव्हता. ढिगाखालचा बिरू हलतोय की नाही, ते दिसेना.

त्यांनी पलीकडे पाहिलं. पंचगंगेची पोरं नाचत होती. त्यांच्या मधोमध बिरूच्या बनियनीला जोडलेला पट्टा बांधून आदगोंडा डोळे मिटून स्तब्ध उभा होता. त्यानं हात मानेवर नेला. मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. मग डोळे उघडून बाईंकडे बघत एकदाच होकार भरला.

बाई उठल्या आणि टाळ्या वाजवू लागल्या.

“बाई, पॉइंट त्यांना गेलाय,” शेजारचा माणूस त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळत म्हणाला. “तुम्ही नक्की कुणाकडून?”

बाई टाळ्या वाजवत राहिल्या.