पार्सलाबरोबर

कडक भाकरीला घाई चालत नाही. ज्वारीची पातळ भाकरी तव्यावरून उतरवायची, चुलीच्या कडेला उभी करून ठेवायची, आणि निखाऱ्याच्या धगीनं तिच्यातलं पाणी हळूहळू आटू द्यायचं. नीट वाळली की ती पापडासारखी वाजते आणि महिना-दोन महिने तिला काही होत नाही. बसवकल्याणकडच्या मंठाळ गावात आणि त्या साऱ्या पट्ट्यात बायका लग्नकार्याला, लांबच्या प्रवासाला अशा भाकरी करून टोपलीत रचतात. नागूबाईच्या घरात मात्र त्या गेल्या पावसाळ्यापासून एका कैद्यासाठी होत होत्या.

कैदी म्हणजे तिचा थोरला, शिवप्रसाद. परदेशात गोदामाची राखण करायची, पगार चांगला, असं सांगून एका एजंटानं त्याला नेलं. तिथं पोचल्यावर अंगावर गणवेश चढवला, हातात बंदूक दिली आणि दुसऱ्यांच्या लढाईत नेऊन उभं केलं. बंदूक नीट धरता येण्याआधीच तो समोरच्या फौजेच्या हाती लागला. आता तो युद्धकैद्यांच्या छावणीत होता. जिवंत होता, एवढंच पक्कं.

हैदराबादेत एका मदत संस्थेचं कार्यालय होतं. महिन्याला एक खोकं तिथून छावणीत पोचायचं. सुकं खाणं चालेल, बाकी काही नाही. धाकटा हरिओम मन्नाएखेळ्ळीला हमरस्त्यावर पंक्चर काढायचा. तोच खोकं घेऊन बसनं हैदराबादला जायचा. कडक भाकरी, शेंगांची चटणी, जवसाची चटणी, गुळाचे खडे. पहिल्याच फोनवर शिवप्रसादनं बायकोला, विजयश्रीला, सांगितलं होतं की खोक्यावाचून माणूस इथं टिकत नाही. शेजारच्या फळीवर झोपणाऱ्या कैद्याला घरून काही येत नव्हतं. तो एका सकाळी उठलाच नाही. विजयश्रीनं हे सासूला सांगितलं नाही. सांगून करणार काय?

फोन महिन्यातून एकदा यायचा, आणि त्यावर मराठी बोलायला बंदी होती. मधे एक दुभाषा बसायचा. त्याला हिंदी तेवढी कळायची. दुसरी बोली ऐकू आली की तो लाइन तोडायचा. मग नवरा-बायको बसवकल्याणच्या बाजारात भाव केल्यासारखी दखनी हिंदीत बोलायची. मनातलं एकही वाक्य त्या बोलीत नीट बसायचं नाही. शिवाय फोनला रेंज मिळायची ती अंगणातल्या पाण्याच्या टाकीपाशीच. कुठल्या दिवशी वाजेल याचा नेम नाही, म्हणून विजयश्री माहेरी जनवाड्याला गेली नव्हती, शेताकडे गेली नव्हती, शेजारच्या बारशालासुद्धा नाही. हातात मोबाईल, कडेवर दीड वर्षाची स्नेहा; टाकीपासून चुलीपर्यंत आणि चुलीपासून टाकीपर्यंत. नवरा तिकडे कोंडला होता, ती इकडे.

थंडी सुरू झाली त्या महिन्यात फोनवर तिनं विचारलं, "भाकऱ्या मिले?"

"हौ, मिले. गरम थे."

"गरम?"

"हौ. तवे पे के. हात जल्या मेरा."

हरिओम शेजारीच उभा होता. फोन ठेवल्यावर तो हसला. "कुरिअरवाल्यानं चूल बी संगं नेली म्हण की, वैनी. भुकेला माणूस हाय, भाकर बघितली की त्याला वाफच दिसतीया."

विजयश्रीही हसली. दारात बसलेल्या नागूबाईला तिनं सांगितलं तेव्हा ती मात्र हसली नाही. "गरमच असणार की," एवढंच म्हणाली, आणि पाय लुगड्याखाली ओढून घेतले. पण तेवढ्यात विजयश्रीला दिसलं: म्हातारीचे तळवे ओले होते, आणि त्यांना चिखल लागला होता. अंगणात पाणी सांडलेलं नव्हतं. शिवारातला चिखल काळा असतो. हा राखेसारखा होता.

पुढच्या खोक्याच्या वेळी ती आतल्या खोलीत स्नेहाला पाजत होती. चुलीपाशी भाकरी थापल्याचा आवाज बंद झाला. सासूला ती अत्या म्हणायची. अत्या दमल्या असतील, असं वाटून ती उठली, पोरीला खांद्यावर घेऊन दारात आली.

नागूबाई थापतच होती. परातीत तळहात पडत होता, पीठ गोल पसरत होतं, बोटांचे ठसे उमटत होते. चुलीत काटकी तडतडली. बाहेर शेळी ओरडली. परातीतून मात्र कसलाच आवाज येत नव्हता. पाण्यात हात हलवावा तसं चाललं होतं.

"अत्या."

"काय गं?"

"थापल्याला आवाज येईना झालाय."

"तुझ्या कानात दडे बसलेत. रातच्याला जागतीस कामून? तेल सोड कानात."

तिनं भाकरी उचलून तव्यावर टाकली. पाण्याचा हात फिरवल्यावर तव्यावर चर्र झालं. परातीत दुसरा गोळा घेतला. पुन्हा तो मुका हात.

त्या महिन्याच्या फोनवर शिवप्रसादचा आवाज सुधारला होता. अंगावर मांस आल्यासारखा. "सुबे सुबे दीवार के पीछे भाकरी थापते," तो म्हणाला. "आवाज आती. अच्छा लगता."

"कौन थापते?"

"अम्मा. और कौन?"

दुभाष्यानं काही हरकत घेतली नाही. त्याच्या हिंदीत बसेल असंच सगळं होतं.

त्यानंतर विजयश्री सासूवर नजर ठेवू लागली. माणसावर संशय घ्यावा असं काही नव्हतं. नागूबाई पहिल्यासारखीच तांदूळ निवडायची, शेजारणीला टोमणे मारायची, "तुझी सून काय देशमुखीण हाय व्हय?" म्हणायची. फक्त तिच्या मांडीवर झोपलेली स्नेहा आता लगेच रडत उठायची, आणि उचलून घेतलं की पोरीची पाठ गार लागायची, दगडी फरशीवर निजवल्यासारखी. बाहेर उन्हाळा लागला होता. कौलं तापून तडकत होती. आणि नागूबाई जेवत नव्हती.

"जेवले की मी."

"कवा? भाकरीची दुरडी तर तशीच हाय."

"त्याच्यासंगं," नागूबाई म्हणाली, आणि जीभ चावली.

विजयश्री तिच्यासमोर बसली. "अत्या, तुमी कुठं जायलाव?"

"मी कुठं जाणार माय? माझे गुडघे बघ. मोरीपर्यंत जायला भिंत धरावी लागतीया."

असं म्हणताना ती लाजली. पोरगी पहिल्यांदा सासरी जाऊन आली की लाजते तशी.

मग तो फोन आला. शिवप्रसाद घाबरल्यासारखा भरभर बोलत होता. "सुनो. अम्मा को नको भेजो. भोत थंड है. पाव में चप्पल नै. वापस जाव बोल्या तो सुनती नै. पार्सल भेजो, अम्मा को नको..."

"नको?" दुभाषा मधे बोलला. "नको क्या है? कौन सी भाषा है?"

लाइन तुटली.

हरिओमचं म्हणणं पडलं, "आईला फोनवर बोलायला लावू नका, रडतीया ती, असं म्हणायचं असंल दादाला." म्हणताना त्यानं आईच्या पायांकडे मात्र पाहिलं नाही.

त्या दिवशी विजयश्रीनं ज्वारीचं पीठ वर माळ्यावर ठेवून दिलं. या महिन्यात खोकं जाणार नाही, असं ठरवलं. संध्याकाळपर्यंत ते ठरवणं टिकलं. तिला शेजारच्या फळीवरचा तो माणूस आठवत राहिला, ज्याला घरून काही येत नव्हतं.

नागूबाईला न सांगताच कळलं होतं. ती भिंत धरत आली आणि सुनेजवळ टेकली. तिच्या श्वासाची वाफ दिसत होती, वैशाखात.

"थांबवू नगंस विजे. वाट मोडती."

"कुनाची वाट?"

"आर्ध्यात असल्यावर मोडली तर माणसानं कुठं जावं?"

खोकं पाठवावं तर ही जाते. न पाठवावं तर तो जातो, आणि कदाचित हीसुद्धा कुठंतरी मधेच राहते. पदरानं डोळे पुसून विजयश्रीनं माळ्यावरून पीठ काढलं. पण परातीपाशी स्वतः बसली.

"या बारीला मी करते. तुमी पोरीला घेऊन बसा. पिठाला हात लावायचा न्हाई."

नागूबाई बसली. विजयश्री थापू लागली आणि घरभर थपथप आवाज झाला. इतक्या महिन्यांनी. तिला रडू आलं, पण हात थांबवला नाही. तिच्या भाकरी सासूइतक्या गोल नव्हत्या, एक-दोन कडेला फाटल्या. तशाच वाळवल्या, रचल्या, फडक्यात बांधल्या. हरिओम खोकं घेऊन गेला.

फोन सकाळच्या वेळी वाजला. ती टाकीपाशीच होती.

"भाकऱ्या मिले?"

"मिले. ठंडे थे."

ती टाकीच्या कट्ट्यावर बसली. छातीतली किती महिन्यांची हवा एकदम बाहेर पडली.

"अच्छा हुआ," ती म्हणाली. "और अम्मा?"

"अम्मा तो यहींच है," शिवप्रसाद म्हणाला. "इस बार वापस गयीच नै."

विजयश्रीनं मान वळवली. समोर उंबऱ्यात नागूबाई बसली होती, मांडीवर स्नेहा. ऊन दोघींच्या पायांवर आलं होतं.

फोनमधून दुभाष्याचा आवाज आला. शांत, कामाचा. "मैडम, ये जो बूढ़ी औरत है, इसका नाम क्या है? हमारी गिनती में एक ज़्यादा आ रहा है."

"कोई नै. वहां कोई औरत नै."

"नाम बताइए."

तिनं फोन बंद केला. आजवर लाइन नेहमी तिकडून तुटायची. पडदा काळा झाला. अंगणात सामसूम होती.

नागूबाईनं मान वर केली. सुनेकडे नाही; थोडं बाजूला, समोर कुणी उभं असावं तिथं.

"नागूबाई," ती म्हणाली.

थांबली. काही ऐकलं.

"किशनराव."

सासऱ्याचं नाव सासूच्या तोंडून विजयश्रीनं कधी ऐकलं नव्हतं. रेशनच्या दुकानात, दवाखान्यात, कुठंही विचारलं तर ती पोरांकडे बघायची. ते गेल्यावरसुद्धा तिनं ते उच्चारलं नव्हतं.

"मंठाळ."

पुन्हा थांबली. या वेळी जास्त. कुणीतरी वाकून काहीतरी विचारत असावं तशी ती मागे सरली. तिनं स्नेहाला पदराखाली ओढलं, आणि एक हात वर करून गयावया करत बोलली,

"न्हाई न्हाई, साहेब. हे लेकरू माझ्यासंगं न्हाई."