झग्याची पाठ

"समर्थ, तो मोबाइल पालथा ठेव. डोळ्यावर उजेड येतोय," मारुतराव म्हणाले. चऱ्होलीच्या सोसायटीच्या गच्चीवर पोरं गप्प झाली. "वर्षालीचं सांगतो. भोसरीत माझ्या लेथच्या गाळ्याशेजारीच तिचा शिवणाचा गाळा. बारा डिसेंबर, गुरुवार. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी. गल्लीत चिटपाखरू न्हाई."

वर्षालीचा कपडे बेतण्यात हात बसलेला. एका फोटो स्टुडिओनं तिला शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या विलायती फॅशनचे फोटो दिले होते, कुठल्याशा संग्रहालयातल्या जुन्या काचेच्या निगेटिव्हवरून काढलेले. उंच गळ्याचे, मुठीएवढ्या कमरेचे झगे घालून ताठ उभ्या बाया. त्यातला एक झगा हुबेहूब शिवून शुक्रवारी सकाळी द्यायचा होता. भिंगातून बघून बघून तिनं सगळं उतरवलं. एकच गोष्ट अडली. झगा बंद होतो कुठून? ना हूक, ना बटण, ना नाडी. फोटो सगळे समोरूनच.

"मागं चेन लाव अन् मोकळी हो," तिची मावशी सुमनताई फोनवर म्हणाली.

"तेव्हाच्या झग्याला चेन नसायची गं मावशी."

"फोटोत पाठ दिसणारे का कुणाला?"

"मला माहीत असेल ना!"

रात्री साडेदहाला तिनं शटर आतून जमिनीपर्यंत ओढून घेतलं. झगा स्वतःच अंगात चढवला, पाठ उघडी ठेवून. आरशात पाहिलं. समोरून अगदी फोटोतल्यासारखा जमला होता.

तेवढ्यात मागून कापड आवळलं गेलं. खालच्या बाजूनं.

मशीनला अडकलं असेल, म्हणून तिनं हात मागे नेला. मशीन चार हात लांब होतं.

कमरेपाशी गार टोक टेकलं. सरकलं. धागा ओढला गेला. पुन्हा टोक. पुन्हा धागा. घाई नव्हती त्यात.

आरशात ती एकटीच होती.

कंबर बारीक दिसावी म्हणून झग्यात पोलादी पट्ट्या घातलेल्या. वाकता येईना. आणि शटर उचलायचं तर वाकायलाच हवं. मोबाइल टेबलावरून खाली पडला. पायाशी वाजत राहिला. मावशी... परत मावशी... कात्री हाताला आली, पण पातं पट्ट्यांवरून नुसतंच घसरलं. बाह्या इतक्या तंग की हात खांद्याच्या वर जाईना. ओरडायला श्वास पुरेना.

टाका वर चढत होता. पाठ. खांदे...

"मग?" पोरांतल्या श्रद्धानं हळूच विचारलं.

मारुतरावांनी कठड्यावरून खाली पाहिलं. खाली एक रिक्षा निघून गेली.

"मग मानेपाशी आलं... अन् थांबलं."

रात्रभर ती उभीच होती. वाकणं नाही, बसणं नाही, पोटभर श्वास नाही. पहिल्या बसनं मावशी आली, तेव्हा मारुतराव आपला गाळा उघडत होते. आतून शटरवर टाच आपटत होती. एकदा. बऱ्याच वेळानं पुन्हा.

दोघांनी शटर वर केलं. मावशीनं पाठ उसवायला घेतली. हाताची शिवण, मुंगीच्या पावलांएवढी बारीक. कमरेपासून मानेपर्यंत एक टाका वाकडा नव्हता. शेवटची गाठ उघडली, तशी वर्षालीनं मोठा श्वास घेतला आणि खालीच बसली.

सुमनताईनं तिचे केस बाजूला केले आणि हात झटकन मागे घेतला.

गाठीखालच्या कातडीवर चार बारीक दातांची खूण होती. धागा दातानं तोडताना तोंड फार जवळ न्यावं लागतं, तशी.

खूण अजून ओली होती.