चाळीस मिनिटांचं चित्र

विजयसिंह खरं तर फरशी बघायला आला होता. शाहूपुरीतलं खालचं दुकान बंद, म्हणून वेळ काढायला जिना चढला आणि वरच्या घरसजावटीच्या ऑफिसात चित्रं काढणाऱ्या मोनाच्या खुर्चीमागं येऊन उभा राहिला. तिच्या स्क्रीनवर एक दिवाणखाना होता... खिडकीतून सोफ्यावर ऊन सांडलेलं.

"कुणाचं घर हे?"

"कुणाचंच न्हाय. अजून बांधायचंय."

"मग ऊन कुठनं आलं?"

मोनानं वळून पाहिलं. प्रश्न वेडा होता, पण विचारणारा बरा होता! "मी आणलं की," ती म्हणाली.

त्याच आठवड्यात त्यानं आपल्या कळंब्याच्या नव्या फ्लॅटच्या सजावटीचं काम तिलाच दिलं. मग काय, दर दोन दिवसांनी स्वारी कोडोलीहून हजर! आज पडदा बदला, उद्या भिंतीचा रंग. प्रत्येक बदलानंतर संगणक अख्खं चित्र नव्यानं तयार करायचा — चाळीस मिनिटं. तेवढ्यात दोन चहा व्हायचे, त्याच्या म्हशींच्या खोड्या ऐकून व्हायच्या. चित्र पूर्ण झालं की मोनाला उगाच हुरहूर लागायची.

एक दिवस ऑफिसच्या मालकीणबाई, प्रियदर्शनीताई, यांनी तिला धारेवर धरलं. "एका पडद्यासाठी अख्खं घर परत काढतीस व्हय गं? आधी सगळं पांढरं ठेव, नुसता उजेड लाव, चित्र लहान काढ. रंग मागनं भर. काय बदललं तर तेवढ्याच भागाला चौकट घाल. मोठं चित्र एकदाच, शेवटी!"

मोनानं ऐकलं. पुढच्या खेपेला विजयसिंहनं दिवाणखान्यातल्या झोपाळ्याची उशी बदलायला सांगितली आणि दोन मिनिटांत ती बदललीसुद्धा.

"झालं?" त्याचा चेहरा पडला. "चहा तर अजून आला न्हाय."

"नवी पद्धत हाय."

"जुनी काय वाईट हुती?"

तो गेला. मोनाला खुर्चीत बसवेना, खिडकीशी उभं राहवेना. स्वतःच्या हुशारीचा इतका राग तिला कधीच आला नव्हता. त्यात तो झोपाळा! आधी एकट्याचा होता, मध्येच त्यानं दोघांचा करून घेतला होता. म्हणजे मुलगी ठरली असणार. आपण भलत्याच कुणाचं घर सजवतोय... या विचारानं तिनं दुपारचा डबा तसाच बंद केला.

शनिवारी शेवटचं मोठं चित्र द्यायचं होतं. ते दिलं की काम संपलं, त्याचं येणं संपलं. तो येऊन बसला. मोनानं त्याच्याकडं न बघता चित्राच्या आकाराचे आकडे भराभर वाढवले आणि बटण दाबलं.

शिल्लक वेळ — तीन तास.

महिनाभर शेजारी बसून विजयसिंहलाही बरंच कळायला लागलं होतं. तो स्क्रीनकडं वाकला. "ताई तर चाळीस मिनिटं म्हणाल्या हुत्या. एवढं मोठं चित्र गावच्या वेशीवर लावायचंय व्हय?"

मोना उगाच कीबोर्ड पुसू लागली. कानाच्या पाळ्या नुसत्या तापलेल्या.

"मॅडम... मुद्दाम केलंसा?"

"व्हय, मुद्दाम!" ती उसळलीच. "आज गेलासा की परत कशाला यायला? झोपाळ्यावर बसणारी आली की..."

"कोण येणार हाय?"

"दोघांचा करून घेतलासा न्हवं?"

"कधी करून घेतला, आठवा की." त्याचा मोठा आवाज एकदम खाली आला. "पहिल्या दिवशी एकट्याचाच सांगितलाता. चौथ्या खेपेला तुमच्यासंगं चहा पीत बसलो... आन् दोघांचा करा म्हणालो. तुम्ही काढून दिलासा, पर कुणासाठी ते इचारलं न्हाईसा."

मोनाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी हसूही फुटलं. "मग सांगायचं न्हाय व्हय?"

"सांगणारच हुतो," तो म्हणाला. "पर दोन मिनिटांत कसं सांगायचं?"

स्क्रीनच्या कोपऱ्यात झोपाळ्याची एक कडी नुकती उमटली होती. मोनानं डोळे पुसले आणि दोन चहा सांगितले.