पंचमीची ओहोटी

पहाटेचे पावणेपाच वाजले होते. सदाशिव पेठेतल्या शाळेसमोर बस उभी होती आणि श्रद्धा चौथी अच्या बेचाळीस मुलांची हजेरी घेत होती. साल नव्व्याण्णव, महिना फेब्रुवारी, सहल अलिबागची.

तेवढ्यात एक उंच तरुण धावत आला. एका हातात सोनाली, दुसऱ्या हातात लांबलचक कागद.

"मी सोनालीचा मामा, उत्तरेश्वर. पालक म्हणून दाजी येणार होते, पण त्यांना ताप आलाय."

"आपल्याला पंधरा मिनिटं उशीर झालाय."

"हो... भरतीची वेळ काढत बसलो होतो. इंटरनेटवरून." त्यानं कागद पुढे केला. "बाई, तुम्ही मुलांना दहा वाजता कुलाबा किल्ल्यात चालत नेणार म्हणे. दहा वीसला तर पूर्ण भरती आहे!"

अलिबागचा हा किल्ला समुद्रात आहे. ओहोटीला पायी जाता येतं, भरतीला वाट पाण्याखाली जाते. श्रद्धानं कागदाकडे पाहिलंही नाही.

"आज पंचमी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. पाचाची पाऊणपट पावणेचार. त्यात सहा तास मिळवा, दहाच्या सुमाराला ओहोटी. माझ्या मुलांनाही येतं हे."

"पण कॉम्प्युटर सांगतोय..."

"समुद्र किती वेळा पाहिलाय आपण?"

"एकदाही नाही. मी बार्शीचा."

इतक्या सरळ उत्तरावर टोमणा तरी काय मारणार? शाळेच्या मदतनीस गोदाबाई तोंडाला पदर लावून हसल्या.

बस घाट उतरू लागली तशी श्रद्धाला काळजी वाटू लागली. हा हिशेब तिला रेवदंड्याच्या आत्यानं शिकवला होता आणि तो कधी चुकला नव्हता. पण बेचाळीस मुलं पाण्यात न्यायची होती. तिनं हळूच मागे वळून कागद मागून घेतला आणि खोपोलीपर्यंत वाचला. छापलेलं स्वच्छ होतं – भरती, दहा वीस.

साडेनवाला सगळे किनाऱ्यावर पोचले. उत्तरेश्वर समुद्रासमोर नुसता उभा राहिला. बराच वेळ.

"कसा वाटला?" श्रद्धानं विचारलं.

"बाई... याला पलीकडचा काठच नाही."

तिनं मुलांना पाण्याच्या कडेला काटक्या रोवायला लावल्या. दहा मिनिटं सगळ्यांनी वाट पाहिली. पाणी काटक्या सोडून चांगलं चार पावलं मागे गेलं. मुलांनी एकच गलका केला. उत्तरेश्वरनं तिच्याकडून कागद घेऊन पुन्हा पाहिला आणि कपाळावर हात मारला.

"मुलांनो, चूक माझी! ही वेळ लंडनच्या घड्याळाची आहे. आपली वेळ साडेपाच तास पुढे. ते मिळवायचेच राहिले."

"दहा वीसमध्ये साडेपाच तास मिळवा," श्रद्धा सवयीनं म्हणाली.

"दुपारी तीन पन्नास!" मुलं ओरडली.

"आणि पंचमीची दुसरी भरती, बारा तासांनी?"

"चारच्या आसपास!"

दोन्ही हिशेब एकाच जागी आले होते. आपलं चुकल्यावर आवाज चढवणारे पुरुष तिनं पुष्कळ पाहिले होते. बेचाळीस मुलांसमोर मोठ्यानं हसणारा हा पहिलाच.

"काम काय करता आपण?"

"कॉम्प्युटरमधल्या तारखा दुरुस्त करतो. दोन हजार साल उजाडलं की चुकतील ना त्या."

"अरे देवा!" श्रद्धा म्हणाली, आणि मग तिलाही हसू आवरेना.

ओल्या वाळूतून रांग निघाली. मुलांच्या चपला त्यानं दोरीत ओवून गळ्यात घातल्या होत्या. त्यात आपल्याही आहेत, हे अर्ध्या वाटेत तिच्या लक्षात आलं. परत मागाव्यात असं काही तिला वाटलं नाही. किल्ल्यात त्यांनी चाकांवरच्या तोफा पाहिल्या. समुद्राच्या मधोमध गोड्या पाण्याचा तलाव कसा, हा प्रश्न मुलांच्या आधी त्यानं विचारला.

दुपारी जुन्या नौकांचं एक छोटं संग्रहालय पाहिलं. तो मुलांना पाट्या वाचून दाखवत होता. सोनाली श्रद्धाजवळ येऊन म्हणाली, "बाई, मामा गुरुवारी अमेरिकेला चाललाय. दोन वर्षं!"

समोरच्या काचेत एक लहानसं गलबत होतं. श्रद्धा त्याच्याकडे बघत राहिली. तो शेजारी येऊन उभा राहिला तरी तिनं नजर हलवली नाही.

"दोन वर्षं?"

"हो. कॅलिफोर्नियाला. तिथंही मोठं आखात आहे म्हणे. काठानं जुने किल्ले, म्युझियमं..."

"बघून घ्या सगळं."

"बघेन. पण सांगू कुणाला?"

"पत्र लिहा. चौथी अ, म्हणून."

"एप्रिलात चौथी संपेल. मग... कुणाच्या नावानं लिहू?"

तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. "बस तीनला सुटेल," एवढंच ती म्हणाली.

परतीच्या वाटेवर ती मनाशी हिशेब करत राहिली. त्या वर्षी निम्म्या पेठेची मुलं अमेरिकेला निघाली होती आणि त्यांच्याशी लग्न ठरलेल्या मुली नोकऱ्या सोडत होत्या. अशी दोन स्थळं तिनं नाकारली होती. शाळा ती सोडणार नव्हती, हे नक्की. पण ती पत्रं तिला हवी होती, हेही तितकंच नक्की होतं.

दिवेलागणीला बस सोनालीच्या घराजवळ, वारज्याच्या फाट्यावर थांबली. झोपलेल्या सोनालीला खांद्यावर घेऊन तो उतरला.

"येतो, बाई."

तिनं मान हलवली. बस दहा पावलं पुढे गेली...

"थांबवा!" श्रद्धा उठलीच. उतरून भराभर मागे चालत गेली.

"अहो उत्तरेश्वर! आपले आईवडील गुरुवारच्या आत येणार असतील ना?"

"बुधवारी येतायत. का?"

"मी बुधवारी शाळा सुटल्यावर सोनालीच्या घरी येतेय. त्यांना भेटायला."

त्यानं सोनालीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "त्यांना... काय सांगू?"

"सांगा, की चौथी अच्या बाई शाळा सोडून अमेरिकेला येणार नाहीत." ती एक पाऊल पुढे आली. "पण दोन वर्षं थांबतील. त्याहून एक दिवसही जास्त नाही."

"नाही लागणार," तो म्हणाला. सोनाली जागी होऊ नये म्हणून अगदी हळू.

बसच्या प्रत्येक खिडकीत दोन-दोन डोकी होती. श्रद्धा चढली तेव्हा सगळी एकदम गप्प झाली. गोदाबाईंनी सरकून जागा केली.

"बसा बाई, पाणी प्या," त्या म्हणाल्या. "आमी कायबी ऐकलं न्हाई."